टोपी दिसली, माणूस नाही: दुकानाचे कॅमेरे घेताना

कराडला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या वर्षी काउंटरजवळून कॉपर वायरची दोन बंडलं गेली. हवालदारसाहेबांनी फुटेज तीनदा मागं-पुढं करून पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, टोपी ओळखू येतीय. माणूस नाही." वर डीव्हीआरचं, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरचं, घड्याळ 40 मिनिटं पुढं. समोरच्या बेकरीच्या फुटेजशी वेळ जुळवताना आमचीच उलटतपासणी झाली. कॅमेरे चार होते आणि चारही चालू होते.

त्यामुळं दुसऱ्यांदा घेताना मी मेगापिक्सेलपासून सुरुवात केली नाही. जुन्या बिलबुकाच्या पाठीमागं चार ओळी लिहिल्या. आत येणाऱ्याचा चेहरा. गल्ल्यावर दिलेली नोट शंभरची की पाचशेची. गोडाऊनच्या दारातून किती पेट्या बाहेर गेल्या. रात्री शटरपाशी कोण थांबलं. एका कॅमेऱ्याला एकच काम. "एकातच सगळं दुकान बसवतो" असं कोणी म्हणालं, की समजायचं, त्यात दुकान दिसेल, गिऱ्हाईक नाही.

आता लेन्सचं बघा, कारण खरा घोळ इथंच होतो. चेहऱ्यावरून अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर एक मीटर रुंदीला 250 पिक्सेल लागतात, असं 2014 च्या आंतरराष्ट्रीय मानकात दिलं होतं. 2 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 1920 पिक्सेल. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा, आपल्या भाषेत पंचवीस फुटांपेक्षा, जास्त रुंदी आली की चेहरा हातचा गेला. सगळीकडं सर्रास बसवतात ती 2.8 मिमीची लेन्स शंभर अंशांच्या वर पसरते, तिच्यात एवढी रुंदी दहा फुटांवरच भरते. दारावर मी 6 मिमीची लावली. ती अरुंद बघते, पण वीस-बावीस फुटांवरचा माणूस ओळखू येतो.

उंचीही तितकीच महत्त्वाची. माझा जुना कॅमेरा बारा फुटांवर, छताला. वरून टोपीच दिसणार! आता दारावरचा साडेसात फुटांवर आहे, माणूस सरळ त्याच्याकडं चालत येतो. आणि दुपारी दारातून उजेड येतो तेव्हा आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो, त्यासाठी तिथं डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवायची सोय) असलेलाच घ्या. आमच्याकडं डेमोला पोरगा आला, तेव्हा मी भाच्याला टोपी घालून आत-बाहेर करायला लावलं. एकदा दुपारी दोनला, एकदा रात्री शटर अर्धं ओढून. पोरगा वैतागला, पण दोन मॉडेल तिथंच बाद झाली.

वायर हा माझाच धंदा, म्हणून दोन शब्द जास्त. जुनी कोएक्सियल (टीव्हीच्या केबलसारखी) केबल धड असेल तर डीव्हीआरवर भागतं. नवीन ओढायची असेल तर आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे आणि पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारी सोय, घ्या. एकाच कॅट-6 नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, मात्र 100 मीटरच्या आत. केबलची तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो.

हार्डडिस्क किती? तुम्ही स्टॉक किती दिवसांनी मोजता, त्याहून जास्त दिवसांची. मी महिनाअखेरीला मोजतो. 2 एमबीपीएसचा (सेकंदाला 2 मेगाबिट डेटा पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण 22 जीबी खातो. चार कॅमेऱ्यांत 1 टीबी अकरा दिवसांत संपते आणि जुनं पुसलं जातं. मी 4 टीबी घेतली. एच.265 (चित्र दाबून साठवायची पद्धत) असेल तर जागा जवळपास निम्मी लागते. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी नसते.

रेकॉर्डर गल्ल्याखाली नको. चोर तोही घेऊन जातो. आमचा पोटमाळ्यावर कुलपात आहे, हवा खेळेल असा. यूपीएस नुसत्या रेकॉर्डरला नको, कॅमेऱ्यांच्या सप्लायलाही जोडा, नाहीतर लाईट गेल्यावर तो काळी चित्रं रेकॉर्ड करत बसतो.

कोळ्यांचं कोणी आधी सांगत नाही. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि सकाळी बघावं तर सगळं चित्र जाळ्यानं पांढरं. पंधरा दिवसांनी फडकं मारायचं, दुसरा इलाज मला सापडला नाही.

एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्यांसह बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर नोंदणी क्रमांक बघा, बिल पक्कं घ्या. पासवर्ड त्याच दिवशी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कंपनीनं दिलेल्या पासवर्डमुळंच. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं लावून घ्या. माझी 40 मिनिटं आठवा.

फुटेजची कॉपी कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे. त्यात हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइलचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो. जुन्या कायद्याखाली हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात ठरवलं होतं. म्हणून फुटेज कॉपी कोणी केलं, कधी केलं, हे वहीत लिहून ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी कालचं पाच मिनिटांचं फुटेज पेनड्राइव्हवर स्वतः काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. माझा पेनड्राइव्ह पहिल्यांदा रिकामाच निघाला. बसवणारा म्हणाला, "काका, तुम्ही बटण चुकलात." मग त्यानं दाबलं, तरीही रिकामाच.