पाळीव सापांचं नात्यातल्या नात्यात ब्रीडिंग करताय? या चुका टाळा

"भाऊ-बहीण लावले, पिल्लं एकदम हेल्दी निघाली, मग प्रॉब्लेम काय?" साप ब्रीड करणाऱ्यांकडून हे सारखं ऐकायला मिळतं आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

पहिली पिढी चांगली दिसली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक सापात काही ना काही वाईट जीन लपलेले असतात, एकच कॉपी असली तर त्रास नाही, पण आईकडून आणि बापाकडून तीच कॉपी आली की ते बाहेर पडतात. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर पिल्लाच्या कुठल्याही जीनच्या दोन्ही कॉपी एकाच पूर्वजाकडून आलेल्या असायचा चान्स 25 टक्के असतो, सावत्र भावंडांमध्ये 12.5 आणि चुलत-मावस भावंडांमध्ये 6.25. आणि हे साठत जातं बरं का, भावंडांचीच जोडी पुढच्या पिढीत परत लावली की 37.5 आणि तिसऱ्या पिढीला थेट 50 टक्के. म्हणजे पहिल्या क्लचला (मादीने एका वेळी घातलेल्या अंड्यांना) जे दिसलं नाही ते तिसऱ्या पिढीच्या क्लचला दिसू शकतं, आणि तोवर पिल्लं विकून झालेली असतात.

"सापांना काही होत नाही, जंगलातपण असंच चालतं" हे तर अजिबात खरं नाही. स्वीडनमध्ये स्मिगेहुकला अॅडर या विषारी सापांची एक एकटी पडलेली वस्ती होती, आजूबाजूला शेती झाल्यामुळे बाहेरचे साप येईनात, आपसातच जोड्या लागत गेल्या आणि मेलेली, व्यंग असलेली पिल्लं खूप जन्मायला लागली. 1992 मध्ये संशोधकांनी दुसरीकडचे 20 नर तिथे सोडले आणि काही वर्षांत संख्या झपाट्याने वाढली. नवीन रक्त आलं आणि वस्ती सावरली.

आता आपल्या हॉबीत हे का होतं तर रंगासाठी. अल्बिनो, पाईबॉल्ड, क्लाउन हे सगळे रिसेसिव्ह मॉर्फ, म्हणजे जीनच्या दोन्ही कॉपी असल्या तरच दिसणारे रंग-पॅटर्न, म्हणून एक महागडा नर आणायचा, साध्या मादीला लावायचा, हेट (रंगाच्या जीनची एकच कॉपी असलेल्या) मुली मोठ्या झाल्या की परत बापालाच लावायच्या. मला हा शॉर्टकट मुळीच पटत नाही, कारण रंगाच्या जीनसोबत बापाचे बाकीचे लपलेले जीनपण डबल व्हायचा चान्स वाढतो. त्यापेक्षा नर दोन वेगवेगळ्या, एकमेकींच्या नात्यात नसलेल्या माद्यांना लावा आणि दोन्हीकडची हेट पिल्लं एकमेकांना लावा, रिस्क निम्मी होते आणि वेळ फार वाढत नाही. सगळ्यात बेस्ट म्हणजे त्याच मॉर्फचे, खरंच वेगळ्या लाईनचे (घराण्याचे) दोन साप घेऊन दोघांचं वेगवेगळं आउटक्रॉस करायचं, म्हणजे नात्यात नसलेल्या जोडीदाराला लावायचं. इथे "खरंच वेगळ्या" महत्त्वाचं आहे, दोन वेगळ्या माणसांकडून घेतले म्हणजे लाईन वेगळी झाली असं नाही, दोघांनी एकाच ब्रीडरकडून आणलेले असू शकतात, म्हणून आई-बाप आणि शक्य असेल तर आजी-आजोबा विचारा.

दुसरी गडबड म्हणजे प्रत्येक व्यंगाचं खापर नात्यावर फोडणं. स्पायडर बॉल पायथनचं (अजगराच्या एका मॉर्फचं) डोकं हलतं ते त्या मॉर्फच्या जीनमुळेच, कितीही लांबचा जोडीदार आणला तरी ते जात नाही, म्हणून माझ्या मते तो मॉर्फ ब्रीडच करू नये. कॉर्न स्नेकमधला स्टारगेझर (साप डोकं वर वाकवतो, तोल जातो) हा लपलेला रिसेसिव्ह दोष आहे, त्याची डीएनए टेस्ट होते, ती करून मगच जोडी लावा. पिल्लांचा कणा वाकडा निघाला तर आधी इन्क्युबेटर चेक करा, टेंपरेचर जास्त झालं तरी तसं होतं, आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर आत ठेवून बघा. त्याच इन्क्युबेटरमधले बाकीचे क्लच ठीक आणि एकाच जोडीचे परत परत बिघडतायत, अंड्यातच पूर्ण वाढलेली पिल्लं मरतायत, तर मग संशय जोडीवर घ्यायचा.

रेकॉर्ड न ठेवणं हीपण चूकच. मादी साप स्पर्म महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं साठवून ठेवू शकते, त्यामुळे या सीझनचा बाप मागच्या सीझनचा नर निघू शकतो. बोआ आणि बॉल पायथनमध्ये तर नराशिवायपण पिल्लं झालेली आहेत. अशा पिल्लात आईच्याच जीनच्या दोन-दोन कॉपी असतात, त्यामुळे त्याला ब्रीडिंगमध्ये न घेतलेलंच बरं.

आणि आधीच असा क्लच हातात असेल तर? एक डोळा छोटा असलेलं किंवा कणा वाकडा असलेलं पिल्लू "फक्त पेट म्हणून" स्वस्तात विकून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. त्या सापाला ना तक्रार करता येते ना त्रास धड दाखवता येतो, आणि घेणारा पुढे त्याला ब्रीड करणार नाही याची काय गॅरंटी? सापांचं कळणाऱ्या व्हेटला दाखवा, नीट जगू शकत असेल तर स्वतःकडे ठेवा. जी धडधाकट आहेत ती निदान चार-पाच वेळा स्वतःहून खाईपर्यंत देऊ नका, वजन लिहून ठेवा, आणि देताना आई-बाप एकमेकांचे कोण लागतात ते लेखी द्या, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ती जोडी मात्र परत लावू नका.