उरलेले खरीप मोजताना

मरणाचा विचार आपल्याकडे स्मशानातून परतताना येतो आणि अंगावर पाणी घेतले की जातो. आपल्याला खरोखर काय मोलाचे वाटते हे त्यातून समजून घ्यायचे असेल, तर उलंगवाडी होऊन वावर रिकामे झाल्यानंतरचे दिवस बरे. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरली की संध्याकाळी वही घेऊन बसावे. मात्र घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा कर्जाच्या काळजीने जगणेच नकोसे वाटत असेल, तर हे करू नये. त्या वेळी जवळच्या माणसाशी बोलावे किंवा टेली-मानस या मानसिक आधाराच्या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.

प्रथम उरलेले खरीप मोजावेत. वय 48 असेल आणि 75 पर्यंतचे आयुष्य धरले, तर 27 पेरण्या हाती आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्या काही दुसऱ्याच्या हाताने होतील. मग गेल्या हंगामातले आपले दिवस कुठे गेले, ते आठवून लिहावे. ही पायरी घाईने उरकू नये, कारण तोंडाने आपण काहीही सांगतो, हिशेबात मात्र खरे उतरते. मी लिहायला बसलो तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधालगतच्या, दोन ओळींएवढ्या जागेच्या वादापायी तालुक्याला अकरा खेपा झालेल्या निघाल्या. बहिणीकडे मात्र एकदाच गेलो होतो, तेही भाऊबीजेला, उभ्या उभ्या. धुरा मी सोडला नाही, पण मोजणी करून घेतली आणि खेपा बंद केल्या.

मागे काय उरावे, याची यादी त्यानंतर. गाडगेबाबांनी लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःपाशी गाडगे नि चिंध्यांपलीकडे फारसे काही ठेवले नाही. तेवढे आपल्याने होणार नाही, पण आपल्या यादीतले एखादे कलम त्या मापाने खोडता येते.

शेवटी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा करावा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पक्के करताना आपल्या सहीसोबत दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. वावर कोणाला, हे लिहिताना लेकीचे नाव आपसूक येते की आठवावे लागते, तिथे थोडे थांबावे. जे बदलायचे ठरेल त्यातले एक तरी काम मिरगाआधी करावे, कारण पेरणी लागली की वही उघडायला फुरसत कोणाला?