स्टेडियमची साउंड सिस्टिम: शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा कसा

‘गेट चार’ आणि ‘गेट सात’ या दोन घोषणांमध्ये स्वर सारखेच आहेत, फरक आहे तो व्यंजनांचा. व्यंजनांची ओळख मुख्यतः २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि मोठ्या स्टेडियममध्ये सगळ्यात आधी हाच पट्टा हरवतो. खर्जाचा भाग मात्र छताखाली घुमत राहतो. मग आवाज दणदणीत येतो, पण बाहेर कुठल्या गेटने पडायचं ते कळत नाही. अशा वेळी वॅट वाढवून काही साधत नाही, उलट घुमणारा भागही तेवढाच वाढतो. आवाज फक्त माणसांवर पडेल आणि काँक्रीट, काच, रिकामं मैदान यांच्यावर कमीत कमी पडेल, हे साधणं म्हणजेच या कामातलं डिझाइन.

आधी आकडे ठरवा

स्पीकरचा कॅटलॉग उघडण्याआधी तीन आकडे कागदावर हवेत. पहिला एसटीआय, म्हणजे शब्द किती स्पष्ट कळतात त्याचं ० ते १ मधलं माप. आणीबाणीच्या घोषणा जिथे द्यायच्या आहेत तिथे ०.५ ही नेहमीची किमान अट असते. दुसरा आकडा पातळीचा. एखाद्या सामन्यात प्रेक्षकांचा गोंगाट स्वतः मोजा आणि ऑक्टेव्ह बँडनुसार, म्हणजे खर्जापासून वरपर्यंतच्या पट्ट्यांनुसार, नोंदवून ठेवा, ही नोंद पुढे चाचणीतही लागते. भरलेल्या स्टेडियममध्ये चालू खेळात ९० ते ९५ डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) सहज मिळतो, गोल झाला की १०५ च्याही वर. त्या जल्लोषावर मात करण्याच्या फंदात पडू नका, तो काही सेकंदांत ओसरतो. चालू खेळाच्या गोंगाटापेक्षा ६ ते १० डीबी वर, म्हणजे खुर्चीवर सरासरी १०० ते १०२ डीबीए धरा. गोंगाटापेक्षा १५ डीबीच्या वर गेल्यावर एसटीआय वाढतच नाही, आणि फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो, त्यामुळे तो थोडा घसरतोही. तिसरा आकडा सारखेपणाचा: कुठल्याही खुर्चीवरची पातळी सरासरीच्या अधिक-उणे ३ डीबीत बसली पाहिजे.

स्पीकर कुठे टांगायचे

स्कोअरबोर्डच्या बाजूला एकच प्रचंड क्लस्टर (स्पीकरचा झुबका) लावून पूर्ण स्टेडियम भागवण्याची पद्धत जुनी आहे आणि वायरिंगच्या खर्चाकडे पाहिलं तर मोहात पाडणारीही आहे. तिचा घोळ हवेत आहे. २०° सेल्सियस आणि ७० टक्के आर्द्रतेत हवा १०० मीटरला ४ किलोहर्ट्झचे सुमारे २.३ डीबी खाते, ८ किलोहर्ट्झचे सुमारे ७.७. अंतरामुळे होणारी घट वेगळी. १५०-२०० मीटरच्या फेकीत वरचा पट्टा असा झिजतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की उरलेला आवाजही आत-बाहेर डोलायला लागतो. छत नसेल आणि दुसरा इलाजच नसेल तरच हा मार्ग घ्या.

छत असेल तर त्याच्या पुढच्या कडेवर क्लस्टरची रिंग करा, तोंडं स्टँडकडे. स्टँडची खोली आणि छताची उंची पाहून क्लस्टरमधलं अंतर साधारण २० ते २५ मीटर येतं. अंतराचा हिशेब नेमका काय करतो ते एका उदाहरणात पाहा. खुर्चीवर सरासरी १०० डीबी हवेत आणि हॉर्न (कर्ण्याच्या तोंडाचा स्पीकर) १ वॅटला १ मीटरवर १०८ डीबी देतो. स्पीकर ४० मीटरवर असेल तर अंतराने ३२ डीबी जातात, म्हणजे १ मीटरवर १३२ डीबी हवेत, म्हणजे सरासरी २५० वॅट. बोलण्याच्या टोकांसाठी १० डीबीची मोकळीक धरली की आकडा २५०० वॅटवर जातो, एका बॉक्सकडून हे होणारच नाही. तोच स्पीकर २० मीटरवर आणला की सरासरी ६३ वॅट आणि टोकाला ६३० वॅट पुरतात.

रिंगमध्ये शेजारच्या क्लस्टरना एकमेकांसाठी डिले (मुद्दाम दिलेला उशीर) द्यावा लागत नाही. समोरच्या स्टँडचा आवाज २०० मीटरवरून यायला ५८३ मिलीसेकंद घेतो, पण २५ मीटरवरच्या जवळच्या क्लस्टरपेक्षा तो केवळ अंतरामुळेच १८ डीबी खाली असतो, दिशादर्शक हॉर्न असेल तर आणखी. रिकाम्या स्टेडियममध्ये हा प्रतिध्वनी ऐकून मालक घाबरतात, गर्दीत तो झाकला जातो.

बॉक्सचा अक्ष स्टँडच्या मधोमध रोखू नका. तो सर्वांत दूरच्या रांगेवर रोखा. जवळच्या रांगा अक्षाबाहेर पडतात, तिथे आवाज आपोआप कमी होतो आणि जवळ असल्याचा फायदा भरून निघतो. शेवटच्या रांगेच्या मागे व्हीआयपी बॉक्सची काच असेल तर तिच्यावर पडणारा आवाज सरळ मैदानापलीकडे परत जातो. काच थोडी खाली झुकवायला आर्किटेक्टला पहिल्याच महिन्यात सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

बाल्कनीखालच्या रांगांना वरचा क्लस्टर दिसत नाही. तिथे छोटे फिल स्पीकर लागतात, आणि त्यांना डिले. समजा तिथल्या खुर्चीपासून मुख्य क्लस्टर ३८ मीटरवर आहे आणि फिल ६ मीटरवर. फरक ३२ मीटर, भागिले ३४३, म्हणजे ९३ मिलीसेकंद. त्यात आणखी १० ते १५ मिलीसेकंद घाला, म्हणजे कानाला आवाज समोरूनच आल्यासारखा वाटतो आणि फिल फक्त स्पष्टता देतो. डिले द्यायचा राहिला तर त्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो: बोलण्यात ५० मिलीसेकंदांपुढचा उशीर वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवतो. ५° आणि ३५° तापमानात याच ३२ मीटरच्या डिलेत सुमारे ५ मिलीसेकंदांचा फरक पडतो, तो चालून जातो.

हे सगळं ईझसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय मॉडेल करून तपासा. रिकामं आणि भरलेलं असे दोन्ही हिशेब करा, कारण काँक्रीटच्या पायऱ्या आवाज जवळजवळ शोषत नाहीत, माणसं भरपूर शोषतात. मॉडेलमध्ये एसटीआय ०.५० येत असेल तर प्रत्यक्षात नापास व्हायची तयारी ठेवा. ०.५५ च्या आसपास आलं तरच पुढे जा.

केबल आणि अ‍ॅम्प रूम

सगळे अ‍ॅम्प एकाच खोलीत ठेवणं देखभालीला सोपं, पण केबलला महाग. २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला १.४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला १.४ डीबी गेले, ४ ओहमला २.६. तीच केबल ६ चौरस मिमीची घेतली तर ८ ओहमवर घट ०.६ डीबी. म्हणून निदान चार कोपऱ्यांत चार अ‍ॅम्प रूम करा आणि लो-इम्पिडन्सची (थेट ४-८ ओहमच्या स्पीकरला जाणारी) धाव १०० मीटरच्या आत ठेवा. कॉरिडॉर, स्वच्छतागृहं, दुकानांचा पट्टा यांना १०० व्होल्ट लाइनच (प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर असलेली जोडणी) बरी.

१०० व्होल्ट लाइनवर दोन चुका नेहमी दिसतात. पहिली: हाय-पास फिल्टर (खर्ज कापणारा) नसतो. खर्जाचा आवाज आला की ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतो, इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) कोसळतो आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो. ७० ते ८० हर्ट्झवर फिल्टर लावा. दुसरी: लाइन साध्या मल्टिमीटरने तपासली जाते. तो डीसी रोध दाखवतो, आणि ट्रान्सफॉर्मरचा डीसी रोध खऱ्या इम्पिडन्सच्या खूप खाली असतो. इम्पिडन्स मीटरने १ किलोहर्ट्झवर मोजा. ४०० वॅटच्या लाइनवर १०००० भागिले ४००, म्हणजे २५ ओहम दिसायला हवेत. ४० दिसले तर लाइनवर २५० वॅटच लागले आहेत, कुठेतरी वायर सुटली आहे. १५ दिसले तर एखाद्या स्पीकरचा टॅप (वॅट ठरवणारी जोडणी) चुकून वरचा निवडला गेला असेल किंवा केबल पिचली असेल. मेगर टेस्ट (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशनची तपासणी) करायची ती अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्ही सोडवून. जोडलेल्या अ‍ॅम्पवर मेगर मारला की नवा अ‍ॅम्प मागवावा लागतो.

रॅकला वीज टप्प्याटप्प्याने चालू करणारा सिक्वेन्सर द्या. तीसेक अ‍ॅम्प एकदम चालू झाले तर ब्रेकर पडतो, आणि तो पडतो नेमका सामन्याच्या सकाळी.

खोल्यांमध्ये सिग्नल दांते किंवा तशाच डिजिटल नेटवर्कने न्या. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्यापुढे सिंगल-मोड फायबर. प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन स्वतंत्र नेटवर्क करा, स्विचही वेगळे. दोन्ही फायबर एकाच चरातून नेले तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. एक स्टेडियमच्या डाव्या अंगाने, दुसरा उजव्या अंगाने न्या. स्विचवर ऊर्जा वाचवणारी ईईई सेटिंग बंद करा. ती चालू राहिली की क्लॉक (सगळ्या यंत्रांची वेळ जुळवणारा सिग्नल) डळमळतो आणि अधूनमधून ‘टिक’ असे आवाज येतात, ज्यांचं मूळ शोधण्यात लोक आठवडे घालवतात.

वर चढवण्याआधी

टांगण्याच्या प्रत्येक बिंदूवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी मान्यता हवी, बॉक्सच्या वजनासह फ्रेम, साखळी आणि वाऱ्याचा दाब धरून. ४५ किलोचे चार बॉक्स आणि ४० किलोची फ्रेम म्हणजे शांत हवेत २२० किलो. वादळात छताला जाणवणारा भार त्याहून कितीतरी जास्त. मुख्य टांगणीशिवाय वेगळ्या बिंदूवरून स्टीलची सेफ्टी वायर द्या आणि ती जेमतेम सैल ठेवा. हातभर सैल ठेवली तर बॉक्स निसटल्यावरच्या हिसक्याने तीच तुटते. छत कायम थरथरत असतं, त्यामुळे शॅकलची (टांगणीच्या यू आकाराच्या कडीची) पिन तारेने बांधलेली किंवा स्प्लिट पिनची असावी, टर्नबकलही (ताण जुळवणारा स्क्रू) तसाच. नुसत्या घट्ट आवळलेल्या पिना काही हंगामांत फिरून बाहेर येतात.

प्रत्येक बॉक्स जमिनीवरच साइन स्वीपने (खर्जापासून वर सरकत जाणाऱ्या सुराने) वाजवा, पोलॅरिटी (वायरची अधिक-उणे बाजू) तपासा आणि नंबर टाका. वर गेल्यावर उलटी जोडलेली एक वायर शोधायला क्रेन बोलवावी लागते.

केबल बॉक्समध्ये शिरते ती जागा जवळून पाहा. ग्लँड (केबल आत घेणारी पाणीबंद जोडणी) बॉक्सच्या खालच्या बाजूला असावा, केबलने त्याच्याखाली उतरून मग वर वळावं, म्हणजे पाणी त्या वळणाच्या तळाशी ठिबकून जातं. केबल वरून सरळ ग्लँडमध्ये आली तर पाणी तिच्या अंगावरून धावत टर्मिनलपर्यंत जातं, तांबं हिरवं पडतं आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर तो स्पीकर ‘कधी वाजतो, कधी नाही’ या यादीत येतो. आयपी ५५ चा (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा) शिक्का असलेला बॉक्सही चुकीच्या ग्लँडमुळे वाया जातो. समुद्राजवळ सगळं लोखंडी सामान ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचं घ्या, फ्रेमच्या पोकळ्यांना पक्ष्यांसाठी जाळी लावा.

बॉक्स वर गेल्यावर त्यावर लेझर टेकवा आणि मॉडेलमध्ये ठरलेल्या खुर्चीवर ठिपका पडतो का ते पाहा. दोन अंशांची चूक ४० मीटरवर सुमारे १.४ मीटर होते, म्हणजे दीड-दोन रांगा.

आणीबाणीची घोषणा

सुटकेची घोषणा याच सिस्टिमवर द्यायची असेल तर तिथला अग्निसुरक्षेचा कायदा आधी वाचा. युरोपीय पद्धतीत स्पीकरला ईएन ५४-२४ आणि कंट्रोल यंत्रणेला ईएन ५४-१६ हे मानक लागतं. प्रत्येक झोनमध्ये (स्टेडियमच्या विभागात) एकाआड एक स्पीकर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वेगळ्या अ‍ॅम्पवर, वेगळ्या केबलवर घ्या. एक गेला तर आवाज तीन-चार डीबीने उतरतो, पण झोन मुका होत नाही. लाइनवर माणसाला ऐकू न येणारा पायलट टोन सतत सोडून तुटलेली केबल आपोआप कळवणारी सोय करा.

उद्‌घोषकाची खोली बंद काचेची असावी आणि त्याच्या कानाला हेडफोन. स्वतःचा आवाज दोनतीनशे मिलीसेकंद उशिरा ऐकू आला की भलाभला माणूस अडखळतो. घोषणेच्या प्रीसेटमध्ये (आधीच जतन केलेल्या सेटिंगमध्ये) १५० हर्ट्झखालचा भाग कापा, संगीताचा प्रीसेट वेगळा ठेवा. गोंगाटानुसार आवाज वाढवणारी ऑटोमॅटिक यंत्रणा लावली असेल तर तिचा सरासरीचा काळ लांब ठेवा. नाहीतर गोल झाला की ती जल्लोषाच्या मागे धावत सुटते, आणि गर्दी शांत झाल्यावर पुढची घोषणा किंचाळत येते.

चाचणी

रिकाम्या स्टेडियममध्ये पिंक नॉइजने (सगळे पट्टे असलेल्या चाचणीच्या खरखरीने) पातळी मोजा, आधी एकेक क्लस्टर, मग सगळे मिळून. नंतर स्टीपा (एसटीआय मोजण्यासाठीचा ठरावीक) सिग्नल वाजवून प्रत्येक झोनमध्ये अनेक ठिकाणी एसटीआय मोजा, प्रत्येक वाचन निदान १५ सेकंद. भरलेल्या स्टेडियममध्ये स्टीपा मोजण्याचा आग्रह धरू नका: टाळ्या आणि ओरड्यासारख्या उसळत्या गोंगाटात त्याची वाचनं भरवशाची नसतात. सामन्यात नोंदवलेला ऑक्टेव्ह बँडचा गोंगाट रिकाम्या वाचनात गणिताने मिसळा. झोनचा निकाल सरासरीवर न ठरवता, सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा करून जे उरेल त्यावर ठरवा. नाहीतर चांगल्या चाळीस खुर्च्या वाईट दहा खुर्च्यांना झाकून टाकतात.

हस्तांतर करताना डीएसपीची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या डिजिटल यंत्राची) फाइल, प्रत्येक लाइनचा मोजलेला इम्पिडन्स आणि प्रत्येक बॉक्सचा कोन छापील तक्त्यात द्या. पावसाळ्यानंतर दरवर्षी तेच इम्पिडन्स पुन्हा मोजा. जी लाइन १० टक्क्यांहून जास्त सरकली असेल, तिचे ग्लँड आणि टर्मिनल आधी उघडा.