दोन-चार माद्यांचे वराहपालन: आधी खाद्य-पाणी, मग जात

वराहपालन सुधारायचे म्हटले की बहुतेक जण आधी सुधारित जातीचा नर शोधायला निघतात. हा क्रम उलटा आहे. लँडरेस किंवा लार्ज व्हाइट यॉर्कशायरची पिल्ले नुसत्या खरकट्यावर ठेवली, तर ती पुष्कळदा स्थानिक डुकरांच्याही मागे पडतात.

वाढत्या डुकरांसाठी १०० किलो खाद्य असे मिसळता येते: मक्याचा भरडा ५५ किलो, गव्हाचा कोंडा २०, सोयापेंड २२, खनिज मिश्रण अडीच आणि मीठ अर्धा किलो. यात सुमारे १८ टक्के प्रथिने येतात. वजन ६० किलोच्या पुढे गेले की सोयापेंड १४ किलोवर आणून तेवढा मका वाढवा. कच्चे सोयाबीन घालू नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिने पचत नाहीत, म्हणून ते भाजून किंवा शिजवूनच द्यावे. बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी नको.

गाभण मादीला दिवसाला दोन ते अडीच किलो पुरते. ती लठ्ठ झाली की विताना अडते आणि व्याल्यावर नेमके खाणे सोडते. दूध देताना मात्र हात आखडू नका: स्वतःसाठी दोन किलो आणि प्रत्येक पिल्लामागे ४०० ते ५०० ग्रॅम. आठ पिल्ले असतील तर सहा किलोपर्यंत, तीन वेळांत विभागून. व्याल्यानंतर आठवडाभरात हळूहळू तिथवर पोचा. इथे कमी पडले की मादी वाळते आणि पिल्लांचे दूध तोडल्यावर माजावर येत नाही. तिला दिवसाला पाणी २० ते ३० लिटर लागते. काही काळ पाणी तुटले, तर नेहमीच्या मिठानेही विषबाधा होऊन झटके येतात.

खरकटे द्यायचेच असेल तर आधी कायद्याने परवानगी आहे का ते पाहा; अनेक देशांत त्यावर बंदी आहे. परवानगी असली तरी ढवळत किमान अर्धा तास खळखळून उकळा, आणि मांसाचे तुकडे कधीही नको.

पैदाशीसाठी मादी निवडताना आईचा हिशेब बघा: एका वेतात किती पिल्ले जगवली? किमान १२ चांगले सड आणि सरळ पाय हवेत. पहिल्यांदा भरवायची (नर दाखवायचा) ती साधारण आठ महिन्यांची असताना, तिसऱ्या माजाला. माज दर २१ दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. योनी सुजून लाल झाली की लगेच भरवण्याची घाई केली जाते, आणि मग मादी उलटते (गाभण न राहता पुन्हा माजावर येते) किंवा चार-पाचच पिल्ले होतात. तिच्या कमरेवर दोन्ही हातांनी जोर द्या. ती कान ताठ करून जागची हलली नाही, तर खरा माज. त्यानंतर १२ तासांनी एकदा आणि पुढच्या १२ ते २४ तासांत पुन्हा भरवा. २१ दिवसांनी परत माज दिसला नाही तर बहुधा गाभण. भरवल्यापासून ११४ दिवसांनी मादी विते. तारीख वहीत लिहा.

नर दीड-दोन वर्षांत बदला, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो. भाड्याचा नर गावभरचे रोग घेऊन फिरतो. कृत्रिम रेतन मिळत असेल तर तेच बरे.

११० व्या दिवशी मादीला धुऊन स्वच्छ जागी न्या. भिंतीपासून आणि जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर आडवा दांडा बसवला, तर ती बसताना पिल्ले चिरडत नाहीत. पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३४ अंश ऊब हवी. पहिल्या सहा तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक गेला पाहिजे. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन मानेत द्या. सिमेंटच्या जमिनीवरच्या पिल्लांना मातीतून लोह मिळत नाही. ती दोन-तीन आठवड्यांत पांढुरकी पडतात, धापा टाकतात. दूध सहा ते आठ आठवड्यांनी तोडा. त्या दिवशी आईला हलवा, पिल्लांना नाही, आणि खाद्यही बदलू नका.

पशुवैद्याला जनावर आडवे पडल्यावर बोलावून फारसा उपयोग नसतो. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाच्या लसीचे वेळापत्रक त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्या. मादीला विण्याच्या दोन आठवडे आधी जंतनाशक द्या. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, १४ दिवसांनी पुन्हा. विक्रीआधी किती दिवस थांबायचे तेही विचारा. डोस चुकतो तो अंदाजाच्या वजनामुळे. पुढच्या पायांमागचा छातीचा घेर आणि कानांमधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९ म्हणजे किलोतले वजन.

ताप ४१ अंशांवर, कानांवर-पोटावर लाल-निळे डाग आणि पाठोपाठ मृत्यू दिसले, तर तो आफ्रिकन स्वाइन फीव्हर असू शकतो. त्यावर इलाज नाही, आणि क्लासिकलपासून तो फक्त प्रयोगशाळेतच वेगळा ओळखता येतो. तेव्हा उरलेली डुकरे विकू नका, मेलेले कापू नका, ये-जा बंद करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.