पंख्याच्या शाफ्टमधून बोटीत पाणी येतंय?

अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी बोट हीच गावाची एसटी. तिच्या तळाशी पाणी साचू लागलं की आधी शाफ्टची, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याची ग्लँड बघा. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवते ती ग्लँड.

ग्लँड दोरीची असेल, म्हणजे आत शाफ्टभोवती दोरीची कडी दाबून बसवलेली असतील, तर पंखा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्यानेच शाफ्ट थंड राहतो. बोट उभी असताना मात्र थेंब थांबला पाहिजे. धार लागली असेल तर इंजिन बंद करून दोन्ही नट सारखेच, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली तर ग्लँड तिरकी बसते. थेंब पूर्ण बंद करायचा मोह होतो, तो टाळाच. कोरडी दोरी जळते, शाफ्टला खाच पडते आणि मग नवी दोरीही टिकत नाही.

आवळूनही थांबेना, तर दोरी बदला, पण बोट काठावर ओढून घेतल्यावरच. जुनी दोरी आकड्याने काढताना तळाचं कडं हमखास आत राहतं, टॉर्च मारून पाहा. शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर आधी शाफ्टचं काम. नवी दोरी शाफ्ट आणि ग्लँडमधल्या फटीच्या मापाचीच घ्या. शाफ्टभोवती गुंडाळून एकेक कडं तिरकं कापा आणि सांधे एकावर एक येऊ देऊ नका. तीन कडी असतील तर 120 अंशांनी फिरवून बसवा. सलग गुंडाळलेल्या दोरीतून पाणी वाट काढतं. तापीकाठी शेतातल्या पंपाची ग्लँड भरलेल्यांना हे हातचं काम आहे.

अर्धा तास चालवून इंजिन बंद करा, ग्लँडला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर नट ढिले करा.