माळ्यावरची पेटी : नेदरलंड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आइंडहोव्हन, फेल्डहोव्हन किंवा आम्स्टेलव्हेन येथे नव्या वसाहतीत भाड्याने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना शाळा, डॉक्टर आणि सायकली यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. माळ्यावर मंद घरघरणाऱ्या पेटीविषयी मात्र कोणी बोलत नाही. घरातील हवा खेळती ठेवून तिची ऊब वाचवणाऱ्या या पेटीला डच लोक ‘वेटेवे’ (WTW) म्हणतात. किल्ली देताना घरमालक जी पुस्तिका हातात ठेवतो ती डचमध्ये असते, आणि ती दिली की आपले कर्तव्य संपले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

1 जुलै 2018 पासून येथे नव्या घरांना सहसा गॅसजोडणी मिळत नाही, त्यामुळे ही घरे उष्णता टिकावी म्हणून जवळजवळ हवाबंद बांधतात. पेटी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास येथील दमट हवा ओढून बाहेर टाकते व ताजी हवा बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोल्यांत सोडते. हे दोन प्रवाह एकमेकांत न मिसळता पेटीच्या गाभ्यातील पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात आणि जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. बाहेर शून्य आणि घरात 20 अंश तापमान असेल, तर 90 टक्के कार्यक्षमतेच्या पेटीतून ताजी हवा सुमारे 18 अंशांची होऊन आत येते. खिडकी उघडून हे साधत नाही.

आता चिमणीविषयी. स्वयंपाकघरातील झडपेतून सेकंदाला किमान 21 लिटर हवा बाहेर जावी, असा येथील बांधकामाचा नियम आहे. दुपारी पाव-चीज खाणाऱ्या माणसांसाठी ते पुरेसे असेल. मिरचीच्या फोडणीचा खकाणा त्यात मावत नाही. म्हणून मी पुण्याच्या सवयीने मोटारीची जोरकस चिमणी घेतली आणि एका कारागिराकडून तिची नळी छतातील त्याच झडपेला जोडून घेतली. चिमणीने रेटलेली हवा सामाईक नळीतून उलटी फिरून न्हाणीघरात उतरू लागली आणि आंघोळीच्या वेळी हिंगाचा वास येऊ लागला, तरी आम्ही ते हसण्यावारी नेले. दोन वर्षांत तेल पेटीच्या गाभ्यापर्यंत पोहोचले. गाभा बदलणे आणि नळ्या साफ करणे यांत त्या वर्षीची भारतवारी गेली. मोटारीची चिमणी या झडपेला कधीही जोडू नका; दुकानदार जोडा म्हणाला किंवा शेजाऱ्यांनी तसेच केले असले, तरीही जोडू नका. कोळशाचा फिल्टर असलेली, हवा गाळून पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी घ्या आणि स्वयंपाक करताना व नंतर अर्धा तास पेटी तिसऱ्या वेगावर ठेवा. भिंतीतून स्वतंत्र नळी काढायची असल्यास आधी घरमालकाची परवानगी घ्या, आणि चिमणी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा.

आपल्यापैकी काही जण वीज वाचवण्यासाठी पेटीचा प्लगच काढून ठेवतात. मधल्या वेगावर ती एखाद्या जुन्या दिव्याइतकी वीज घेते; ती बंद ठेवून, वर खोलीतच कपडे वाळत घातले, की फेब्रुवारीपर्यंत कपाटामागे बुरशी धरते आणि मग घरमालक अनामत रकमेकडे बोट दाखवतो. दाराखालची फटही थंडी येते म्हणून बुजवू नका, कारण हवेचा मार्ग तोच आहे.

दोषही खरे आहेत. आमेर्सफोर्टच्या फाटहोर्स्ट वसाहतीतील रहिवाशांच्या प्रकृतीच्या तक्रारी 2007 च्या सुमारास देशभर गाजल्या, त्यानंतर कित्येक डच कुटुंबांचा या यंत्रणेवरचा विश्वास उडाला. माझ्या मते दोष तत्त्वात कमी आणि निष्काळजी बसवणीत अधिक असतो. वेग वाढला की आवाज होतो आणि झोपमोड झालेला माणूस पेटी पहिल्या वेगावर नेऊन विसरतो. हिवाळ्यात हवा कोरडी होऊन ओठ फुटतात. ओलावाही परत आणणारा गाभा काही पेट्यांत बसवता येतो, त्याची चौकशी करावी. उन्हाळ्यात बायपासमुळे, म्हणजे गाभा टाळून जाणाऱ्या वाटेमुळे, रात्रीची गार हवा थेट आत येते, पण हा एसी नव्हे.

फिल्टर तीन महिन्यांनी झटकावेत, सहा महिन्यांनी बदलावेत. परागकणांचा त्रास असेल तर ताज्या हवेच्या बाजूला बारीक जाळीचा घ्यावा. झडपा धुताना त्यांचे आटे फिरवू नयेत आणि एका खोलीची झडप दुसरीकडे लावू नये, कारण प्रत्येकीचे माप मोजून ठरवलेले असते.

जुन्या घरांत बहुधा फक्त हवा ओढणारी यंत्रणा असते. तेथे खिडकीवरच्या, ताजी हवा आत घेणाऱ्या जाळ्या हिवाळ्यातही उघड्या ठेवाव्यात.

पेटी पूर्ण बंद करण्याचा प्रसंग एकच. जवळपास आग लागून विषारी धूर पसरला, तर मोबाइलवर एनएल-अलर्ट हा सरकारी धोक्याचा संदेश येतो आणि दारे, खिडक्या व वायुवीजन बंद करण्यास सांगतो. तेव्हा माळ्यावर धावावे लागते, म्हणून तो प्लग कोठे आहे हे घरातील सर्वांना दाखवून ठेवा आणि त्यापुढे खोकी रचू नका.