शूमानची 'ट्रॉयमेराय' चिकित्सित आवृत्तीतून बसवताना या चुका टाळा

जर्मन संगीतकार रोबर्ट शूमानने १८३८ मध्ये रचलेल्या 'किंडरत्सेनेन' या तेरा छोटेखानी पियानो रचनांची चिकित्सित, म्हणजेच उर्टेक्स्ट, आवृत्ती विकत घेणारे बहुतेक विद्यार्थी प्रस्तावना आणि शेवटची टिपणे ओलांडून थेट सातव्या रचनेवर, 'ट्रॉयमेराय'वर, पोहोचतात. साध्या प्रतीपेक्षा जास्त पैसे ज्या पानांसाठी मोजले, नेमकी तीच न वाचलेली राहतात. भांडारकर संस्थेच्या महाभारतात श्लोकांखाली पाठभेद असतात, तसे येथे उपलब्ध जुन्या प्रतींमधले फरक त्या टिपणांत नोंदलेले असतात.

सर्वाधिक घोटाळा लयीचा होतो. शूमानच्या हयातीतील छापील प्रतीत 'ट्रॉयमेराय'वर मेट्रोनोमचा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा हे सांगणारा, आकडा १०० आहे, तर त्याच्या मृत्यूनंतर पत्नी क्लाराने संपादित केलेल्या आवृत्तीत तो ८० आहे. हाती आलेल्या जुन्या प्रतीतला आकडा कोणाचा हे न पाहता तो शूमानचा मानणे ही चूक, आणि दोन्ही बाजूला सारून ध्वनिमुद्रणे ऐकून ५० वर रेंगाळणे ही त्याहून मोठी. मुळात प्रत्येकी चार मात्रांची २४ मापे, त्यांतली पहिली आठ दोनदा, म्हणजे १२८ मात्रा. १०० च्या लयीत त्या सुमारे सव्वा मिनिटात संपतात, ५० वर अडीच मिनिटे लागतात आणि चार मापांचे वाक्य मधेच तुटते. वाक्य तुटत असेल, तर आधी ८० वर वाजवून पाहावे.

चौकटी कंसातली खूण बहुधा संपादकाने भरलेली असते. ती पेन्सिलीने गिरवून मूळ खुणांच्या बरोबरीची करू नये. बोटांचे आकडेही बहुतांशी संपादकाचेच असतात, त्यामुळे हात लहान असेल तर ते खुशाल बदलावेत. शूमान अनेकदा सुरुवातीला केवळ 'पेडल' असे लिहितो. त्याचा अर्थ पाय दाबून ठेवावा असा नसून स्वरसंगती बदलताच पेडलही बदलावे असा आहे.

एक बारीक चूक मात्र आवृत्ती सांगत नाही. दुसऱ्या मापात सुरावट वरच्या एफ या स्वरापर्यंत चढते, सहाव्यात त्याहून वर एपर्यंत. पहिल्याच चढणीत सगळा जोर खर्च झाला, तर दुसरी पडेल वाटते आणि २२ व्या मापातल्या ए स्वरावरचा, फर्माटा (स्वर लांबवण्याची खूण) असलेला, ठहराव ऐकूच येत नाही.